डेमोक्रॅटिक पक्षातले पुरोगामी आणि मध्यममार्गी: पोटापाण्याच्या प्रश्नावर तरी एकत्र येतील का?

ओवी_जर्सी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सतरा वर्षं न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहते. नागरिकत्व मिळालं तेव्हापासून इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं गल्लीपातळीवरचं काम करते. मतदार नोंदणी, दारोदार फिरणं, निवडणुकीच्या आठवड्यात फोन.

परवा आमची बैठक झाली. विषय साधा होता, घरोघरी वाटायच्या पत्रकात काय लिहायचं. दोन तास वाद चालला. तरुण मंडळींना हवं होतं सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा, भाडेवाढीला लगाम, श्रीमंतांवर जास्त कर. जुने कार्यकर्ते म्हणाले, एवढं सगळं छापलं तर पुढच्या दोन रस्त्यांवरची मतं गेलीच समजा. मग गाडी प्रॉपर्टी टॅक्सवर आली आणि तिथेच रुतली. शेवटी चोवीस वर्षांचा एक मुलगा उठला. टर्नपाइक महामार्गाच्या ८ए एक्झिटजवळ गोदामात रात्रपाळी करतो. म्हणाला, "चाळीस मिनिटं तुम्ही घराच्या टॅक्सवर बोलताय. मला घरच नाही." आणि निघून गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदी ममदानी जिंकले, गव्हर्नरपदी आमच्याकडे मिकी शेरिल, व्हर्जिनियात अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर. ममदानी स्वतःला समाजवादी म्हणवतात. स्पॅनबर्गरबाईंनी २०२० मध्ये आपल्याच पक्षातल्यांना बजावलं होतं की समाजवाद हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नका. तरी प्रचारात तिघांचा विषय एकच, जगणं परवडत नाही. ममदानी घरभाड्यावर बोलत होते, शेरिल वीजबिलावर. मग आमच्या पंधरा माणसांच्या खोलीत ते का जमू नये?

आर्थिक न्याय हा दोन्ही फळ्यांना खरंच बांधून ठेवू शकेल का? आपापल्या राज्यातले अनुभव सांगा.

वाटसरू

ताई, 'आर्थिक न्याय' म्हटलं की दोघंही माना डोलावतात, कारण दोघांच्या डोक्यात वेगळं काहीतरी असतं. शब्द बाजूला ठेवा. कुणाच्या खिशात किती येणार आणि कुणाच्या खिशातून किती जाणार, तेवढं लिहा. भांडण व्हायचंच असेल तर ते तरी खरं होईल.

मिनेसोटाकर

आमच्याकडे हे झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे पक्षाचं नावच मुळात डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर, म्हणजे डीएफएल. शेतकरी-मजूर पक्ष वेगळा होता, तो १९४४ मध्ये डेमोक्रॅट्समध्ये विलीन झाला. (आपल्या शेकापची आठवण येतेच.) म्हणजे दोन स्वभावांची माणसं एका छपराखाली नांदण्याची इथे जुनी सवय आहे.

२०२३ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये डीएफएलकडे ३४ आणि समोर ३३. एक माणूस रुसला की विधेयक बुडालं. त्या ३४ मध्ये मिनियापोलिसचे कट्टर पुरोगामी होते आणि गावाकडच्या चुरशीच्या जागांवरून काठावर निवडून आलेलेही होते. तरी त्या एका अधिवेशनात शाळेतल्या सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत झालं, कमी उत्पन्नाच्या घरांना मुलामागे १,७५० डॉलरची कर सवलत मिळाली आणि आजारपण-बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा झाला. ती रजा १ जानेवारी २०२६ पासून लागूही झाली.

हे कसं जमलं? माझ्या मते पुरोगाम्यांनी 'सगळ्यांना' हा शब्द सोडला नाही आणि मध्यममार्गीयांनी 'पैसा कुठून' हा प्रश्न सोडला नाही. रजेसाठी पगारावर ०.८८ टक्के हप्ता ठरला, तो मालक आणि कामगार मिळून भरतात. छोट्या धंद्यांना हप्ता कमी ठेवला. गावाकडच्या आमदाराला आपल्या मतदारसंघातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराला तोंड दाखवता आलं पाहिजे, ही अडचण खरी असते.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. आधी कुठल्या मुलाचं जेवण फुकटातलं हे पोरांना बरोबर कळायचं. आता रांग एकच. घरी आल्यावर ती फक्त भाजी कशी होती ते सांगते.

पारिजात

आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणावरून दोन गट पडले होते. एकाला केटरर हवा, दुसऱ्याला घरचा स्वयंपाक. एका वर्षी अध्यक्षांनी दोन्ही गटांना शेजारी शेजारी वाढायला उभं केलं. चौथ्या पंगतीपर्यंत दोघं एकमेकांना "वरण संपत आलंय, बघा" म्हणून सांगायला लागले. ओवीताई, तुमच्या पंधरा जणांना एकदा वाढायला उभं करा!

हिशेबनीस

मीही न्यू जर्सीतलाच. बैठकीतून उठून गेलेल्या मुलाबद्दल वाईट वाटलं, पण त्या चाळीस मिनिटांची बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

इथे राज्याचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्सच वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात आहे. माझा तेराच्या वर जातो. मी आणि बायको दोघं नोकरी करतो, दोन मुलं, घरावर कर्ज. २०१७ च्या कर कायद्याने राज्याच्या आणि स्थानिक करांची वजावट दहा हजारांवर आणून ठेवली. २०२१ मध्ये आमचे मध्यममार्गी खासदार जॉश गॉटहायमर ती मर्यादा उठवा म्हणून अडून बसले, तेव्हा पुरोगामी सिनेटर सँडर्ससाहेबांनी त्याला श्रीमंतांची सवलत म्हणून विरोध केला. आकड्यांत ते चुकले नव्हते. मर्यादा पूर्ण उठवली असती तर मोठा वाटा खरोखरच वरच्यांना गेला असता. पण आमच्या रस्त्यावरच्या शिक्षिकेने ऐकलं काय, तर "तू श्रीमंत आहेस, गप्प बस." शेवटी २०२५ मध्ये मर्यादा चाळीस हजारांवर गेली ती रिपब्लिकनांच्या कायद्यातून. ही गोष्ट अजून मला बोचते.

आर्थिक न्यायाच्या गोष्टीत मला खलनायक केलंत तर मी सही कशाला करू? मला त्या मुलाच्या बाजूने उभं राहायचंय. माझ्या विरोधात त्याला उभं करू नका, एवढंच मागणं आहे.

रात्रपाळी

हिशेबनीस, तुमची चिंता खोटी नाही. मी डेट्रॉईटजवळ नर्स आहे, माझंही घर कर्जाचंच. पण मला दुसरी बाजू दिसते ती अशी.

२०२१ मध्ये मुलांची कर सवलत वाढवली. सहाच्या खालच्या मुलाला वर्षाला ३,६००, मोठ्याला ३,०००, आणि त्यातले निम्मे जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट खात्यात. आमच्या वॉर्डात साफसफाई करणारी एक बाई आहे, दोन लेकरं पाचाच्या आत. महिन्याला सहाशे डॉलर यायला लागले. त्या सहा महिन्यांत तिने रविवारची जादा पाळी सोडली होती. जानेवारीत पुन्हा धरली.

देशाचा आकडाही तेच सांगतो. सरकारी मदत धरून मोजली जाणारी मुलांची गरिबी २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आली होती, २०२२ मध्ये १२.४ झाली. एका वर्षात दुपटीहून जास्त. दुष्काळ नव्हता, युद्ध नव्हतं. फक्त कायद्याची मुदत संपली.

आणि ती का वाढली नाही? २०२१ च्या शरद ऋतूत प्रमिला जयपाल आणि पुरोगामी खासदारांनी रस्ते-पुलांचं विधेयक रोखून धरलं, मुलांच्या सवलतीची मुदत वाढवणारं विधेयक आणि हे, दोन्ही जोडीने जाऊ द्या म्हणून. ५ नोव्हेंबरला मध्यममार्गीयांच्या शब्दावर त्यांनी रस्त्यांचं विधेयक सोडलं. सहा जणींनी-जणांनी तेव्हाही विरोधी मत दिलं, म्हणाले हातातलं शस्त्र टाकू नका. १९ डिसेंबरला आपल्याच पक्षाचे सिनेटर मँचिन यांनी टीव्हीवर येऊन दुसऱ्या विधेयकाला नाही म्हटलं. त्या सहा जणांवर तेव्हा केवढी टीका झाली होती!

म्हणून पुरोगामी 'आधी हातात द्या' म्हणतात ना, ते हट्टाने नाही. त्यांनी एकदा शब्दावर विसंबून पाहिलं आहे.

मिनेसोटाकर

रात्रपाळी, शंभर टक्के. पण मँचिन वेस्ट व्हर्जिनियाचे. तिथे ट्रम्प २०२० मध्ये जवळपास चाळीस टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. तो एक माणूस नसता तर सिनेटच हाती नसती आणि मार्च २०२१ चं मदतीचं पॅकेजही नसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तेच मँचिन परत आले, म्हणून मेडिकेअरवाल्यांचं (म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यावरच्यांचं) इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरवर आलं आणि औषधांच्या किमतींवर सरकारला घासाघीस करता आली. ५१ विरुद्ध ५०, कमला हॅरिस यांच्या मताने.

रात्रपाळी

इन्सुलिनचं मान्य. रोज बघते, आधी लोक डोस अर्धा करून घ्यायचे. पण लेकरांचे सहाशे त्यात नव्हते, हेही खरं.

जुनं_दप्तर

सगळे जण एकीबद्दल बोलताहेत, म्हणून एक जुनी गोष्ट.

रूझवेल्ट यांची आघाडी ही या पक्षाची सर्वात मोठी एकजूट मानतात. उत्तरेतले कामगार, शहरांतले स्थलांतरित, दक्षिणेतले पुराणमतवादी जमीनदार, सगळे एकाच पक्षात. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा त्यातूनच झाला. पण त्यात शेतमजूर आणि घरकाम करणारे नव्हते. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातही नव्हते. दक्षिणेत ही कामं बहुतांश कृष्णवर्णीय करत. कारणांवर इतिहासकार वाद घालतात, पण दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय किमान वेतनाचा कायदा होत नव्हता आणि बाहेर कोण राहिलं ते सगळ्यांना दिसत होतं.

१९६३ ची वॉशिंग्टनची पदयात्रा आपण नागरी हक्कांसाठी लक्षात ठेवतो. तिचं पूर्ण नाव 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी पदयात्रा' होतं आणि मागण्यांत तासाला दोन डॉलर किमान वेतन होतं. बाहेर ठेवलेली माणसं तीस वर्षांनी दारात येऊन उभी राहिली.

तेव्हा ओवीताई, पत्रकात काय घेतलं यापेक्षा एकी व्हावी म्हणून काय गाळलं ते आधी पाहा.

मिनेसोटाकर

दप्तरराव, हे वाचून गप्प बसवलं नाही. आमच्याकडेच घडलंय.

२०२३ मध्ये आम्ही कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनाही राज्याच्या आरोग्य योजनेत घेतलं होतं. २०२४ च्या निवडणुकीत हाउस, म्हणजे कनिष्ठ सभागृह, ६७-६७ झालं. २०२५ चा अर्थसंकल्प अडला आणि सुटला तो याच योजनेतून प्रौढांना बाहेर काढण्याच्या तडजोडीवर. मुलं राहिली, आईबाप गेले. डीएफएलच्या आमदारांपैकी हाउसमध्ये एकट्या मेलिसा हॉर्टमन यांनी त्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं. सरकार बंद पडू नये म्हणून तडजोडीत दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्याबद्दल बोलताना त्या रडल्या. २०२३ च्या सगळ्या कायद्यांच्या वेळी सभापती त्याच होत्या. त्यानंतर काही दिवसांतच, १४ जूनला, त्यांची आणि त्यांच्या पतीची राहत्या घरी हत्या झाली.

ती तडजोड मला आजही पटत नाही. आणि त्या बाईंबद्दलचा आदर तसूभरही कमी होत नाही. दोन्ही गोष्टी मनात एकत्र राहतात.

पारिजात

🙏

गेटवे_आर्च

मी सेंट लुईसहून. माझा अनुभव तुम्हा सगळ्यांपेक्षा कडू आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मिझुरीच्या मतदारांनी पंधरा डॉलर किमान वेतन आणि पगारी आजारपणाची रजा मंजूर केली, जवळपास ५८ टक्के मतांनी. त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर ट्रम्प यांनाही तेवढीच मतं. फ्लोरिडात २०२० मध्ये हेच झालं होतं, पंधरा डॉलरला साठ टक्क्यांच्या वर आणि राज्य ट्रम्प यांच्याकडे. म्हणजे लोकांना मागणी पटते, ती घेऊन येणारा पक्ष पटत नाही. आणि २०२५ मध्ये आमच्या विधिमंडळाने ती रजा कायदा करून काढूनही टाकली.

मी त्या प्रश्नासाठी सह्या गोळा केल्या होत्या. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सही केली आणि म्हणाला, "तुमच्या पक्षानेच नाफ्टा आणला." म्हणजे मेक्सिको-कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार. मी तपासलं. १९९३ मध्ये हाउसमध्ये १०२ डेमोक्रॅट बाजूने आणि १५६ विरोधात होते, जास्त मतं रिपब्लिकनांची. पण सही क्लिंटन यांची. त्याला १५६ आठवत नाहीत, सही आठवते. तीस वर्षं झाली, त्याच्या भावाचा कारखाना परत आला नाही.

दोन फळ्या एक होतीलही. त्या मेकॅनिकच्या दारात जाऊन काय सांगणार, हे मला अजून सापडलेलं नाही.

रात्रपाळी

गेटवे, मिशिगनचं सांगते, थोडी आशा वाटेल.

२०१८ च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, तिघे होते. ग्रेचेन व्हिटमर, अब्दुल एल-सईद आणि आपले बेळगावचे श्री ठाणेदार. (आमच्या घरी तेव्हा केवढा उत्साह होता!) एल-सईद आणि ठाणेदार दोघंही सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा म्हणत होते. व्हिटमर मध्यममार्गी, त्यांचं पालुपद एकच, रस्ते दुरुस्त करा. त्याच जिंकल्या. मी एल-सईदना मत दिलं होतं आणि खूप निराश झाले होते.

पण २०२३ मध्ये दोन्ही सभागृहं दोन-दोन मतांच्या फरकाने हाती आली, तेव्हा याच व्हिटमरबाईंनी २०१२ चा युनियन खिळखिळ्या करणारा कायदा रद्द केला. कमी पगाराच्या कुटुंबांची राज्याची कर सवलत ६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेली. माझ्या मनातला उमेदवार हरला, पण माझ्या मनातलं बरंचसं काम झालं. त्याच सप्टेंबरमध्ये बायडन वाहन कामगारांच्या संपात पिकेट लाइनवर येऊन उभे राहिले. पदावर असताना असं करणारे ते पहिले अध्यक्ष.

हळदणकर

थोडं अवांतर, पण मिनेसोटाकरांच्या ०.८८ टक्क्यांवरून आठवलं. माझे वडील मुंबईत गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. पगारपत्रकात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असायची. मी विचारलं तर म्हणाले, "ते दुष्काळी कामाचे." वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना ७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पैसा उभा राहिला तो बराचसा शहरातल्या पगारदारांकडून. कारकुनाच्या पगारातून काही रुपये आणि मराठवाड्यात पाझर तलावावर कुणाला तरी काम. वडिलांनी त्याची कधी कुरकुर केली नाही, कारण पैसा कुठे जातो ते त्यांना माहीत होतं.

आता मूळ मुद्दा. मी ट्रेंटनजवळ राहतो. न्यू जर्सीत अशीच जोडणी २०२० मध्ये झाली. गव्हर्नर मर्फी दहा लाखांच्या वरच्या उत्पन्नावर १०.७५ टक्के कर मागत होते. सिनेटचे अध्यक्ष स्वीनी, लोखंडकाम करणाऱ्या युनियनमधून आलेले पण करवाढीला अडून बसलेले. आधी पन्नास लाखांच्या वरच्यांपुरतं जमलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये तोडगा निघाला, कर दहा लाखांपासून लावायचा आणि त्याच करारात मुलंबाळं असलेल्या मध्यमवर्गीय घरांना पाचशे डॉलरपर्यंत परतावा द्यायचा. वरून घेतलेलं कुणाला मिळणार हे एकाच वाक्यात सांगता आलं.

हिशेबनीस, ओवीताई, अजून एक. प्रॉपर्टी टॅक्सच्या परताव्याची आपली अँकर योजना फक्त घरमालकांसाठी नाही. भाडेकरूलाही ४५० डॉलर मिळतात. भाड्यात घरमालकाचा टॅक्स असतोच, म्हणून. त्या गोदामातल्या मुलाने अर्ज केलाय का?

हिशेबनीस

मला अँकरचे हजार येतात. भाडेकरूंना मिळतात हे वाचलं होतं, पण बैठकीत एकदाही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

ओवी_जर्सी

आठ दिवसांनी परत येतेय. सगळं वाचलं, दोनदा.

हळदणकरांचा प्रतिसाद वाचला त्याच दिवशी त्या मुलाला फोन केला. पाळी संपल्यावर, सकाळी सातला, डायनरमध्ये भेटलो. अर्ज केला नव्हता. असं काही असतं हेच माहीत नव्हतं. भाडेकरार त्याच्या नावावर आहे, म्हणजे तीन वर्षं त्याचा हक्काचा पैसा पडून राहिला असणार. तो आधी हंगामी कामगार होता, एजन्सीमार्फत. २०२३ मध्ये राज्याने हंगामी कामगारांसाठी कायदा केला, बरोबरीच्या कामाला कायम कामगाराइतकी मजुरी. तोही कुणी सांगितला नव्हता. मी म्हटलं, पत्रकात तुला काय हवं? मला वाटलं आरोग्यविमा म्हणेल. तो म्हणाला, "रात्री अकराला बस." त्या वेळी गोदामापर्यंत काही जात नाही, चौघे मिळून गाडी करतात, माणशी आठवड्याला साठ डॉलर.

काल पुन्हा बैठक झाली. तो आला. प्रॉपर्टी टॅक्स पत्रकात राहिला, पण मालक आणि भाडेकरू दोघांचा परतावा एकाच चौकटीत. वीजबिल आलं, डेकेअर आलं, रात्रपाळीची बस आली. जुन्या कार्यकर्त्यांपैकी ज्यांचा सर्वात जास्त विरोध होता, त्यांनीच काउंटीत कुणाला भेटायचं ते सांगितलं. वीस वर्षांची ओळख आहे त्यांची.

सगळ्यांसाठी सरकारी विमा यावर जमलं नाही. हात वर करून मतं घेतली, आठ विरुद्ध सात, बाहेर राहिला. दप्तरराव, तुमचा प्रश्न मी तिथे वाचून दाखवला, आणि गाळलेला मुद्दा इतिवृत्तात नोंदवून घेतला, मार्चमध्ये पुन्हा घ्यायचा म्हणून. दोन मुली अजून नाराज आहेत. त्यांची नाराजी मला बरोबर वाटते, मीही सातांतलीच.

गेटवे_आर्च

बस. हे मी त्या मेकॅनिकला विचारलंच नव्हतं, तुला काय हवंय म्हणून. सही घेऊन निघालो होतो.

हिशेबनीस

ओवीताई, अँकरचे अर्ज भरून द्यायला शनिवारी वाचनालयात बसायची माझी तयारी आहे. लॅपटॉप माझा. त्या मुलाला सांगा, गोदामातल्या आणखी कुणाला यायचं असेल तर भाडेकरार आणि ओळखपत्र घेऊन यावं. रात्रपाळीवाल्यांना सकाळी सोपं पडेल ना? मी साडेसातला आलो असतो, पण वाचनालय दहाला उघडतं.

ओवी_जर्सी

मग साडेसातला डायनरमध्येच बसू. मालकीणबाईंना विचारते. पोह्यांचा डबा मी आणते.